५.१ संच जोडला, पण मागचे स्पीकर गप्प आणि संवाद पुसट: जोडणी व मांडणीबाबत मार्गदर्शन हवे

नवश्रोता

नमस्कार. दिवाणखान्यासाठी ५.१ चा संच घेतला आहे. त्यात स्वतंत्र एव्ही रिसीव्हर (आवाजाचे संकेत घेऊन स्पीकर चालवणारे यंत्र), समोरचे दोन उभे स्पीकर, एक सेंटर स्पीकर, मागचे दोन लहान स्पीकर आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर (फक्त खर्जासाठीचा स्पीकर) आहे. खोली ४.८ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद आहे. टीव्ही आखूड भिंतीवर आहे आणि सोफा त्याच्या समोरच्या भिंतीला पूर्ण टेकलेला आहे. गेम कन्सोल आणि सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडले आहेत, टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल नेली आहे, आणि चित्रपट बहुतेक वेळा टीव्हीतल्याच अ‍ॅपवर पाहिले जातात.

अडचणी अशा आहेत. रिसीव्हरच्या मेनूमधला चाचणीचा आवाज पाचही स्पीकरमधून स्वच्छ ऐकू येतो, परंतु चित्रपट सुरू केल्यावर मागच्या स्पीकरमधून जवळजवळ काहीच येत नाही. पार्श्वसंगीत सुरू झाले की संवाद त्यात बुडतात, आणि ते ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की पुढच्याच मारामारीच्या प्रसंगात तो असह्य होतो. सोफ्यावर बसल्यावर खर्ज नको तितका घुमतो, मात्र खोलीच्या मधोमध उभे राहिले तर सबवूफर बंद आहे की काय अशी शंका येते.

स्पीकरच्या वायर अधिक जाड घ्याव्यात का? सोफा भिंतीला टेकलेला असताना मागचे स्पीकर कुठे लावावेत? रिसीव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनने होणारे स्वयंचलित मोजमाप कितपत विश्वासार्ह असते? क्रमाने काय तपासावे हे कळले तर फार उपकार होतील.

तारायंत्र

आपण दिलेल्या माहितीत एक वाक्य सर्वांत मोलाचे आहे: चाचणीचा आवाज पाचही स्पीकरमधून येतो. हा आवाज रिसीव्हर स्वतः तयार करतो, त्यामुळे तो मागच्या स्पीकरपर्यंत पोहोचत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर, वायर आणि स्पीकर या तिन्ही गोष्टी शाबूत आहेत. दोष रिसीव्हरच्या आधी आहे. अशा वेळी वायर बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

चित्रपट चालू असताना रिसीव्हरच्या पटलावर, किंवा रिमोटवरचे माहितीचे बटण दाबून, त्याला आत येणारा संकेत कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. तिथे ‘पीसीएम २.०’ (पीसीएम म्हणजे असंकुचित डिजिटल आवाज, २.० म्हणजे दोन चॅनेल) किंवा नुसते ‘पीसीएम’ दिसले, तर टीव्ही पाच चॅनेलचा आवाज दोन चॅनेलमध्ये कोंबून पुढे पाठवत आहे असे समजावे. टीव्हीच्या ध्वनी मेनूत डिजिटल आउटपुटसाठी ‘पीसीएम’, ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ (संकुचित आवाज न उलगडता पाठवणे) किंवा ‘पास-थ्रू’ (आलेला आवाज जसाच्या तसा पुढे पाठवणे) असे पर्याय असतात. बऱ्याच टीव्हींमध्ये पीसीएम निवडलेले राहते आणि संच कितीही चांगला असला तरी तिथेच त्याचा दोन स्पीकरांचा संच होतो. ‘पास-थ्रू’ उपलब्ध असेल तर तो निवडावा, नसेल तर ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’.

तरीही ऑप्टिकल केबलची एक मर्यादा राहतेच. तिच्यातून दोन चॅनेलचा पीसीएम, किंवा संकुचित स्वरूपातले डॉल्बी डिजिटल व डीटीएस एवढेच जाऊ शकते. व्हिडिओ अ‍ॅपवरचा ५.१ आवाज मात्र बहुधा डॉल्बी डिजिटल प्लस या पुढच्या स्वरूपात असतो आणि तो त्या केबलमधून जात नाही. काही टीव्ही त्याचे डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करून पाठवतात, काही सरळ दोन चॅनेलवर उतरतात. म्हणून ऑप्टिकल केबल बाजूला ठेवून एचडीएमआयची एआरसी जोडणी वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एआरसी ही सोय २००९ साली एचडीएमआय १.४ सोबत आली. एरवी एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज टीव्हीकडे जातात, एआरसीमुळे त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे येतो. डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून येऊ शकतो, आणि अ‍ॅपवरचा अ‍ॅटमॉस (उंचीवरूनही आवाज देणारे डॉल्बीचे स्वरूप) सहसा त्याच्याच पोटात असतो. २०१७ साली जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ सोबत ईएआरसी आली. तिच्यातून डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणि अनेक चॅनेलचा असंकुचित पीसीएमसुद्धा जातो. ब्ल्यू-रे प्लेअर टीव्हीला जोडणाऱ्यांना हा फरक महत्त्वाचा ठरतो, फक्त अ‍ॅप वापरणाऱ्यांना साधी एआरसी पुरते.

जोडताना केबलचे एक टोक टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिले आहे त्यातच घालावे. असा पोर्ट सहसा एकच असतो. दुसरे टोक रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटमध्ये न घालता आउटपुटमध्ये घालावे. आवाज टीव्हीकडून येणार म्हणून इनपुट शोधण्याचा मोह होतो, पण एआरसीचा मार्ग रिसीव्हरच्या आउटपुटवरच असतो. त्यानंतर दोन्ही उपकरणांच्या मेनूत एआरसी आणि सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना नियंत्रित करण्याची सोय) चालू करावे. सीईसीला प्रत्येक कंपनीने स्वतःचे वेगळे नाव ठेवले आहे, त्यामुळे ते मेनूत सापडायला थोडा वेळ लागतो. बदल केल्यावर दोन्ही उपकरणे बंद करून, प्लग काढून, मिनिटभराने पुन्हा चालू केलेली बरी, कारण त्यांची परस्पर ओळख अनेकदा नव्याने सुरू झाल्यावरच नीट होते.

कन्सोल शक्यतो रिसीव्हरच्या इनपुटला जोडावा, म्हणजे त्याचा अनेक चॅनेलचा पीसीएम टीव्हीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. रिसीव्हर जुना असून कन्सोलचे १२० हर्ट्‌झचे ४के चित्र पुढे पाठवू शकत नसेल, तर मात्र कन्सोल टीव्हीला आणि आवाज ईएआरसीने रिसीव्हरला, हाच मार्ग राहतो.

वायरविषयी थोडक्यात सांगतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा १० मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन एकूण रोध सुमारे ०.२३ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी हा ५ टक्क्यांच्या बराच आत आहे, त्यामुळे आपल्या खोलीत त्याहून जाड वायरची गरज नाही. ४ ओहमचे स्पीकर असतील तर २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. वायर शुद्ध तांब्याची आहे याची मात्र खात्री करावी, कारण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या वायरचा रोध अधिक असतो. टोक सोलल्यावर तारांचे धागे घट्ट पिळून घ्यावेत. एखादा मोकळा धागा शेजारच्या टर्मिनलला लागला की शॉर्ट होऊन रिसीव्हर संरक्षणासाठी बंद पडतो. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, पण समोरचा आवाज मध्यभागी न ठरता पसरट वाटतो आणि खर्ज पातळ होतो. हे काम रिसीव्हर बंद असतानाच करावे.

आणखी एक गोष्ट अपेक्षेबाबत. मूळ ध्वनिमुद्रणच दोन चॅनेलचे असेल, तर मागच्या स्पीकरमध्ये जाते ते रिसीव्हरने अंदाजाने वेगळे काढलेले असते. अ‍ॅपमध्ये ५.१ चा ध्वनीमार्ग निवडलेला आहे ना, तेही पाहावे. खऱ्या ५.१ चित्रपटातही दोन माणसे बंद खोलीत बोलत असताना मागचे स्पीकर जवळजवळ शांतच असतात, आणि तसेच असायला हवे. पाऊस, गर्दी किंवा विमानाचा प्रसंग लावून तपासणी करावी.

मंद्रसप्तक

तारायंत्र यांनी संकेताचा भाग सोडवला आहे, मी खोलीविषयी लिहितो. आपल्या खर्जाच्या तक्रारीत सबवूफरचा काहीही दोष दिसत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीच्या काही ठरावीक वारंवारिता अडकून स्थिर लहरी बनतात. त्यांतली सर्वांत खालची वारंवारिता काढण्यासाठी ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागावा. ४.८ मीटरसाठी हा आकडा सुमारे ३६ हर्ट्‌झ येतो. या लहरीचा दाब दोन्ही भिंतींपाशी सर्वाधिक असतो आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. सोफा भिंतीला टेकलेला असल्यामुळे आपले कान जास्तीत जास्त दाबाच्या जागी आहेत, आणि खोलीच्या मध्यावर गेल्यावर तोच खर्ज नाहीसा होतो. ३.६ मीटरच्या रुंदीसाठी असाच आकडा सुमारे ४८ हर्ट्‌झ येतो. म्हणजे सोफ्याच्या मधल्या जागेवर ४८ हर्ट्‌झचा आवाज क्षीण आणि दोन्ही टोकांना जोरकस, असेही होत असणार. एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांची खर्जाबाबत मते का जुळत नाहीत, याचे कारण अनेकदा हेच असते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. पहिला म्हणजे सोफा भिंतीपासून शक्य तितका पुढे आणावा. ७०-८० सेंटिमीटरनेही ऐकण्यात फरक पडतो, आणि मागच्या स्पीकरनाही श्वास घ्यायला जागा मिळते. नेमका खोलीच्या मध्यावर मात्र आणू नये, तिथे दुसरे टोक गाठले जाते. दुसरा उपाय सबवूफरची जागा शोधण्याचा. सबवूफर तात्पुरता उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्याच जागी ठेवावा, खर्जाचे चढउतार असलेले एखादे संगीत लावावे आणि भिंतींच्या कडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत जावे. जिथे सगळे खालचे स्वर साधारण सारख्या जोराचे वाटतात, ती सबवूफरची जागा. घरातले लोक हसतील, पण पद्धत शास्त्रशुद्ध आहे, कारण ध्वनीचा स्रोत आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधला खर्जाचा व्यवहार तोच राहतो. समोरच्या भिंतीच्या मध्याजवळ जागा मिळाली तर ती आधी तपासावी. तिथून रुंदीची ४८ हर्ट्‌झची लहर फारशी उठतच नाही. कोपऱ्यात खर्ज सर्वाधिक मिळतो, पण सर्वाधिक घुमतोही तिथेच.

सबवूफरच्या पाठीवर क्रॉसओव्हरची, म्हणजे सबवूफरने किती वारंवारितेपर्यंतचा आवाज द्यावा ती सीमा ठरवणारी, फिरकी असते. ती शेवटपर्यंत वर न्यावी किंवा ‘एलएफई’ (खर्जाच्या खास चॅनेलचे नाव) लिहिलेले इनपुट वापरावे, नाहीतर रिसीव्हर आणि सबवूफर दोघेही एकाच ठिकाणी कात्री चालवतात. रिसीव्हरमध्ये पाचही स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झला ठेवावा. मागचे स्पीकर अगदीच लहान असतील तर त्यांच्यापुरता १०० किंवा १२०. ‘स्मॉल’ हा शब्द उभ्या स्पीकरच्या मालकांना बोचतो, पण त्याचा अर्थ इतकाच की त्या स्पीकरचा खालचा खर्ज सबवूफरने सांभाळावा. ८० हर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर असते, त्यामुळे त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने आला हे कानाला सहसा ओळखता येत नाही. याच मेनूत एलएफईची वेगळी मर्यादा दिसते. ती १२० हर्ट्‌झवरच राहू द्यावी, कारण ५.१ मधल्या ‘.१’ चॅनेलमध्ये तिथपर्यंतचा आवाज असू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत केल्याने चित्रपटातल्या स्फोटांचा वरचा भाग कापला जातो.

आता मांडणी. डॉल्बीच्या मार्गदर्शनानुसार मधल्या श्रोत्याच्या समोरच्या मध्यरेषेपासून डावा व उजवा स्पीकर प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावा आणि ५.१ मधले मागचे स्पीकर ९० ते ११० अंशांवर. म्हणजे ज्यांना आपण मागचे म्हणतो ते खरे तर बाजूचे स्पीकर आहेत, किंचित मागे सरकलेले. सोफा पुढे आणल्यावर आपले कान टीव्हीच्या भिंतीपासून साधारण ३.८ मीटरवर येतील. समोरचे स्पीकर त्या भिंतीपासून अर्धा मीटर पुढे आणि एकमेकांपासून २.७ मीटर अंतरावर ठेवले, तर कोन २२ अंशांच्या आसपास येतो आणि बाजूच्या भिंतींपासूनही प्रत्येकी ४५ सेंटिमीटर जागा सुटते. मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर लावावेत. अगदी कानाच्या पातळीवर लावले तर टोकाला बसलेल्याच्या कानात एकच स्पीकर ओरडत राहतो. सोफा हलवणे शक्यच नसेल, तर ते मागच्या भिंतीवर डोक्यामागे ठोकू नयेत, त्याऐवजी बाजूच्या भिंतींवर ९० अंशांवर ठेवावेत.

संवादांचा भार मुख्यतः सेंटर स्पीकरवर असतो, आणि नेमका तोच आपण टीव्हीखालच्या कपाटात ढकलतो. तो फळीच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून घ्यावा, म्हणजे फळीवरून परावर्तित होणारा आवाज मूळ आवाजात मिसळणार नाही, आणि खाली रबराचे तुकडे सरकवून त्याचे तोंड कानांच्या दिशेने वर करावे. उघड्या फरशीवर समोर एखादा गालिचा घातला तरी शब्दांच्या कडा स्पष्ट होतात.

कानसेन

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. स्वयंचलित मोजमापाविषयी लिहायचे राहिले आहे, म्हणून हा प्रतिसाद.

ऑडिसी असो, यामाहाचे वायपीएओ असो वा डिराक, या सर्व पद्धती अंतर आणि पातळी यांच्या बाबतीत पुरेशा भरवशाच्या आहेत, परंतु स्पीकरच्या आकाराबाबत त्यांचा निर्णय डोळे मिटून मानू नये. समोरच्या उभ्या स्पीकरना त्या सर्रास ‘लार्ज’ ठरवतात. मोजमाप संपल्यावर ते हाताने ‘स्मॉल’ करावे. मायक्रोफोन हातात धरू नये आणि सोफ्याच्या पाठीवरही ठेवू नये. कॅमेऱ्याच्या तिवईवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर बसवावा. पहिले मोजमाप मुख्य जागेवरच घ्यावे, कारण अंतरे त्यावरून ठरतात. पंखा व वातानुकूलन यंत्र तेवढ्यापुरते बंद ठेवावे.

निकाल आल्यावर मोजपट्टीने अंतरे पडताळून पाहावीत. पाच स्पीकरांची अंतरे जवळपास जुळायला हवीत. सबवूफरचे अंतर मात्र प्रत्यक्षापेक्षा मीटर-दोन मीटर जास्त दाखवले जाते आणि ते पाहून अनेकजण ते ‘दुरुस्त’ करतात. तसे करू नये. सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतराच्या रूपात मांडतो. एक मीटर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद. सबवूफरची पातळी रिसीव्हरने अगदी तळाला, उणे १२ डेसिबलला नेऊन ठेवली असेल, तर त्याचा अर्थ सबवूफरवरची आवाजाची फिरकी फार वर आहे. ती कमी करून मोजमाप पुन्हा करावे. एखाद्या स्पीकरची जोडणी उलटी असल्याचा इशारा आला, तर वायर तपासावी, आणि ती बरोबर असेल तर इशाऱ्याकडे दुर्लक्ष करावे, कारण काही स्पीकरची रचना आणि जवळच्या भिंतीवरचे परावर्तन यांमुळेही असा इशारा येतो.

ही पद्धत घुमणारा खर्ज दाबू शकते, पण स्थिर लहरीमुळे जिथे खर्ज नाहीसाच झाला आहे तिथे तो भरून काढू शकत नाही. त्या जागी जितकी शक्ती ओतावी तितकी लहर स्वतःच तिला खोडत जाते. म्हणून मंद्रसप्तक यांनी सुचवलेली सोफ्याची आणि सबवूफरची हलवाहलव आधी आणि मायक्रोफोन नंतर, हा क्रम मोडू नये.

संवादांसाठी सेंटरची पातळी वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. २ डेसिबलपर्यंत माझी हरकत नाही. त्यापुढे गेल्यास पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणारी गाडी मध्यावर आली की एकदम मोठी होते. रात्री शेजाऱ्यांचा विचार करून पाहायचे असेल, तर ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ नावाची सोय वापरावी. ती मोठे आवाज खाली आणि बारीक आवाज वर आणते, म्हणजे संवाद आणि मारामारी यांमधली दरी कमी होते. रसिकांना ही सोय आवडत नाही, पण घर हे चित्रपटगृह नव्हे.

नवश्रोता

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. रिसीव्हरच्या पटलावर खरोखरच ‘पीसीएम २.०’ दिसत होते. एआरसीने जोडल्यावर आता ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ दिसते, मागचे स्पीकर बोलू लागले आहेत आणि संवादही बरेच सुधारले आहेत. सोफा ७० सेंटिमीटर पुढे आला आहे. दोन शंका उरल्या आहेत. एआरसीनंतर आवाज ओठांच्या हालचालीपेक्षा किंचित मागे पडतो आणि मधूनच प्रतिध्वनीसारखा भास होतो. दुसरे म्हणजे, अ‍ॅटमॉससाठी छतावर दोन स्पीकर आताच लावून घ्यावेत का?

तारायंत्र

प्रतिध्वनीचा भास होतो तेव्हा बहुधा टीव्हीचे स्वतःचे स्पीकर चालू राहिलेले असतात. ध्वनी मेनूत आउटपुट फक्त एआरसीवर ठेवावे.

आवाज मागे पडण्याबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी: रिसीव्हरमधले ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ आवाजाला उशीर करू शकते, लवकर आणू शकत नाही. म्हणून ते आधी शून्यावर आणावे, आणि टीव्हीमध्ये डिजिटल आउटपुटसाठी असलेला विलंबही शून्य करावा. टीव्हीचे आउटपुट ‘ऑटो’ असेल तर ‘पास-थ्रू’ करून पाहावे, कारण आवाजाचे पुन्हा रूपांतर करण्यात टीव्हीचा वेळ जातो. चित्राचा प्रकार ‘गेम’ असेल तर तो बदलावा. त्या प्रकारात चित्रावरची प्रक्रिया कमी केलेली असल्यामुळे चित्र लवकर येते आणि आवाज मागे राहिल्यासारखा वाटतो. हे सर्व केल्यावर आवाजच पुढे धावू लागला, तर मात्र विलंब १० मिलिसेकंदांच्या टप्प्याने वाढवत न्यावा.

छतावरच्या स्पीकरांची घाई करू नये. ५.१.२ साठी (शेवटचा २ म्हणजे छतावरचे दोन स्पीकर) अ‍ॅम्प्लिफायरचे सात चॅनेल आणि अ‍ॅटमॉस ओळखणारा रिसीव्हर लागतो. आपला रिसीव्हर पाच चॅनेलचा असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. सात चॅनेलचा असेल, तर भिंतींना रंग देण्याआधी वायर तेवढ्या टाकून ठेवाव्यात आणि स्पीकर पुढे केव्हातरी घ्यावेत.

मंद्रसप्तक

सोफा हलवला आहे, त्यामुळे आधीचे मोजमाप आता लागू नाही. सबवूफरची जागा पक्की झाली आणि गालिचा अंथरला की कानसेन यांनी सांगितल्याप्रमाणे ते नव्याने घ्यावे, आणि त्यानंतर स्पीकरचा आकार व क्रॉसओव्हर पुन्हा एकदा हाताने तपासावेत. प्रत्येक नव्या मोजमापात रिसीव्हर ते स्वतःच्या मनाप्रमाणे बदलून ठेवतो.